डास आजारी का पडत नाही?

डेंग्यूचा ताप ज्यांनी आपल्या घरात पाहिला आहे, त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. अकस्मात चढणारा ज्वर, डोळ्यांच्या मागे ठणका, हाडे मोडून पडल्यासारखी वेदना, आणि काही रोग्यांच्या बाबतीत रक्तस्राव व प्राणसंकट, अशी त्याची लक्षणे होत. ज्या विषाणूमुळे हा ताप येतो, तो एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे नेण्याचे काम प्रामुख्याने एडिस इजिप्ती ह्या जातीच्या डासाची मादी करते, हेही आता शाळेतील मुलांना ठाऊक झाले आहे. परंतु ह्या परिचित कथेत एक चमत्कारिक गोष्ट दडलेली असून तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मनुष्याच्या रक्तात हा विषाणू फार तर आठवडाभर वावरतो, आणि तेवढ्या अवधीत धडधाकट माणसाला अंथरुणास खिळवून टाकतो. तोच विषाणू डासाच्या चिमुकल्या देहात शिरला म्हणजे त्याच्या आतड्यात, चरबीत, मज्जातंतूंत आणि लाळेच्या ग्रंथींत भरून राहतो. एकदा शिरला की डास मरेपर्यंत तेथून हलत नाही. आणि असे असूनही ती मादी उडते, चावते, अंडी घालते. काही प्रयोगांत अशा माद्यांनी अंडी थोडी कमी घातली किंवा त्यांचे आयुष्य किंचित घटले, असे आढळले आहे. परंतु मनुष्याच्या आजाराशी तुलना करावी असे तिला काहीही होत नाही.

असे का व्हावे? ह्या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर असे की, हा विषाणू डासाला मुळातच अपाय करीत नसावा. साप जसा स्वतःच्या विषाने मरत नाही, तसेच काहीसे हे असावे. हे उत्तर सोपे असले तरी खरे नाही. डासाचे शरीर विषाणूशी अहोरात्र झुंजत असते, आणि ही झुंज हातची सुटली तर डासही मरतो, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील प्रयोगांनी दाखवून दिले आहे. मात्र ही झुंज कधी निकाली होत नाही. डास विषाणूला आवरतो, पण हाकलून देत नाही. ह्या दोघांमध्ये जी तडजोड झालेली आहे, तिचा खर्च तिसऱ्यावर, म्हणजे मनुष्यावर पडतो. ती तडजोड कशी होते आणि तिच्यात मनुष्याला हात घालता येईल काय, हे ह्या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

विषाणूचा प्रवास

डास रोग पसरवितात ही कल्पना तशी फार जुनी नाही. क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनी १८८१ मध्ये पीतज्वराचा संबंध डासाशी जोडला, तेव्हा त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या अमेरिकन मंडळाने क्यूबातच प्रयोग करून ते म्हणणे सिद्ध केले. दरम्यान १८९७ मध्ये आपल्याकडे सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात मलेरियाचे परजीवी पाहिले होते. मलेरियाचा परजीवी हा मात्र स्वतःची पेशी असलेला जीव आहे. विषाणूची गोष्ट निराळी. डेंग्यूच्या विषाणूचा गोळा मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढा असतो. त्याच्या पोटात आरएनए ह्या द्रव्याचा एकच धागा, आणि त्या धाग्यावर सुमारे १०,७०० रासायनिक अक्षरे ओळीने मांडलेली. एवढ्या मजकुरात अवघ्या दहा प्रथिनांची कृती लिहिलेली असते. बाकीची सारी सामग्री, ज्या पेशीत तो शिरतो, तिच्याकडून उसनी, नव्हे बळकावून घेतो.

रोग्याचे रक्त मादीने शोषले म्हणजे ते तिच्या मध्यांत्रात, म्हणजे अन्नमार्गाच्या मधल्या फुगीर भागात, साठते. दोन-तीन दिवसांत ते पचून जाते. तेवढ्या अवधीत विषाणूला मध्यांत्राच्या अस्तरातील एखाद्या पेशीत प्रवेश मिळवावा लागतो. न मिळाला तर पाचक रसांतच त्याचा शेवट होतो. प्रवेश मिळाला तरी पुष्कळदा तो तेथेच अडकतो. अस्तराच्या पेशींत त्याची वाढ होते, पण अस्तरामागील पातळ पडदा ओलांडून पुढे जाता येत नाही. जो ओलांडतो, तो डासाच्या देहाच्या पोकळीत खेळणाऱ्या रक्तरसात मिसळतो आणि तेथून इतर अवयवांत पसरत अखेर लाळग्रंथी गाठतो. लाळेत विषाणू उतरला म्हणजे त्या मादीचा पुढचा प्रत्येक दंश धोक्याचा.

आपल्याकडील उष्ण हवेत ह्या प्रवासाला साधारणपणे आठ ते बारा दिवस लागतात. एडिसची मादी घराबाहेरच्या जगात काही आठवडेच जगते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आकड्याचे महत्त्व कळून येते. प्रवास दोन दिवसांनी लांबला, तर कित्येक माद्या कोणालाही रोग देण्यापूर्वीच मरून जातील. दोन दिवसांनी आखडला, तर तितक्याच जास्त माद्या रोग देण्यास जिवंत राहतील. डेंग्यूच्या विषाणूचाच नाश करील असे खास औषध अद्याप वैद्यांच्या हाती नाही. तेव्हा डासाच्या पोटातील ह्या लढाईचा वेग हा शहरांतील साथीच्या हिशेबातला एक मोठा आकडा आहे.

अडकित्ता आणि मासला

मनुष्याच्या शरीरात एखादा विषाणू आला म्हणजे त्याच्याविरुद्ध नेमकी प्रतिपिंडे तयार होतात आणि त्यांची आठवण वर्षानुवर्षे राहते. लस टोचण्याचा सारा खटाटोप त्या आठवणीसाठीच असतो. कीटकांपाशी प्रतिपिंडे नाहीत. म्हणून कीटकांची प्रतिकारशक्ती ओबडधोबड असावी, शत्रू कोण हे न पाहता सर्वांना एकाच लाठीने हाणणारी असावी, असा समज बराच काळ होता. विषाणूंच्या बाबतीत तो समज चुकीचा ठरला. डासाला शत्रूची नेमकी ओळख पटते. ती पटविण्याची त्याची रीत मात्र आपल्याहून अगदी वेगळी आहे.

डेंग्यूच्या विषाणूचा आरएनए एकपदरी असतो. त्याच्या नव्या प्रती काढावयाच्या तर आधी त्याच्या उलट अक्षरांचा दुसरा धागा तयार करावा लागतो, आणि ते काम चालू असताना सुलट व उलट धागे एकमेकांना चिकटून आरएनएचा लांबलचक दुपदरी दोर बनतो. निरोगी पेशीत असा लांब दुपदरी आरएनए क्वचितच आढळतो. तो दिसला म्हणजे घरात कोणी परका शिरला आहे, असे पेशी समजते.

हे समजणारे प्रथिन म्हणजे डायसर-२. अडकित्त्याने सुपारी कातरावी त्याप्रमाणे ते त्या दुपदरी दोराचे तुकडे पाडते. तुकड्यांचे माप मात्र सुपारीसारखे मनमानी नसते; ते बहुधा नेमके २१ अक्षरांचे असते. एवढ्यानेही विषाणूचे काही नुकसान होतेच, पण खरे काम पुढे आहे. ह्या तुकड्यांपैकी एकेक तुकडा आर्गोनॉट-२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या हवाली केला जातो. ते प्रथिन दोन पदरांपैकी एक टाकून देते आणि दुसरा आपल्या अंगात धरून ठेवते. कापडाच्या दुकानात मासला हाती घेऊन ठाण धुंडाळणाऱ्या गिऱ्हाइकाप्रमाणे ते पेशीभर हिंडते, आणि हातातील २१ अक्षरांशी तंतोतंत जुळणारा आरएनए भेटला की तो मधोमध तोडते. तुटलेला आरएनए निकामी होतो. आर्गोनॉट मासला तसाच धरून पुढच्या शिकारीस निघते. विषाणू कोणताही असो, मासला त्याच्याच अंगचा असल्यामुळे ओळख चुकण्याचा प्रश्न नाही. शत्रूच्या नव्या प्रती जितक्या अधिक, तितके दुपदरी दोर अधिक, आणि तितकेच मासलेही अधिक.

दुपदरी आरएनएमुळे जनुके मुकी होतात हा शोध अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीवर प्रयोग करून लावला, आणि २००६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. डासांत हीच यंत्रणा विषाणूंविरुद्ध वापरली जाते हे लवकरच दिसून आले. आफ्रिकेत चिकुनगुन्याचा जवळचा भाऊबंद असलेला ओन्योंग-न्योंग नावाचा विषाणू आहे. तो ॲनॉफिलीस डासांतून पसरतो. २००४ मध्ये संशोधकांनी अशा डासांच्या अंगात आर्गोनॉट-२ च्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए टोचला. म्हणजे अडकित्ता त्याच्या स्वतःच्याच मुठीवर चालविला! ह्या डासांच्या शरीरात विषाणू पुष्कळ अधिक आणि अधिक दूरवर पसरला. २००९ मध्ये एडिस इजिप्ती आणि डेंग्यू ह्या जोडीवर असाच प्रयोग झाला. डायसर-२ मुका करताच विषाणूची वाढ जास्त झाली, आणि रक्त शोषल्यापासून लाळेत विषाणू येईपर्यंतचा कालावधी आखडला. वर सांगितलेल्या दिवसांच्या हिशेबाशी ह्या निष्कर्षाचा संबंध उघड आहे.

पुण्याच्या पेशी

ह्या विषयात पुण्याचे नाव एका अनपेक्षित रीतीने गोवले गेले आहे, आणि ती हकीकत थोड्या विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ह्या नावाने ओळखले जाते. विषाणू जिवंत पेशीवाचून वाढत नाही, ही तेथील संशोधकांची जुनी अडचण होती. रोग्याच्या रक्तातील विषाणू वेगळा काढावयाचा तर तो उंदरांच्या पिलांना टोचावा लागे. डासांच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढविता आल्या तर मोठी सोय होणार होती. ते काम केंद्रातील के. आर. पी. सिंग यांनी केले. एडिस अल्बोपिक्टस ह्या डासाच्या नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या घेऊन, त्यांचे तुकडे करून त्यांनी पोषक द्रवात ठेवले. त्यांतून निघालेल्या पेशी वाढत राहिल्या, आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात घालीत गेले असता पिढ्यान्‌पिढ्या जगत राहिल्या. हा शोध त्यांनी १९६७ मध्ये ‘करंट सायन्स’ ह्या बंगलोरच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एडिस इजिप्तीच्या पेशींचा वंशही त्यांनी त्याच वेळी तयार केला होता.

सिंग यांच्या पेशी जगभर गेल्या. १९७८ मध्ये जपानी संशोधक अकिरा इगाराशी यांनी त्यांतून एकेक पेशी वेगळी करून तिचा स्वतंत्र वंश वाढविला आणि ज्या वंशात डेंग्यू व चिकुनगुन्याचे विषाणू सर्वांत जोमाने वाढतात तो निवडून काढला. ‘सी ६/३६’ ह्या रुक्ष नावाने ओळखला जाणारा हा वंश पुढे सर्वत्र वापरात आला. डेंग्यूचा विषाणू वेगळा काढावयाचा, वाढवावयाचा, मोजावयाचा, तर ह्याच पेशी हव्यात, असा परिपाठ पडला. पुण्यात कातरलेल्या अळ्यांचे हे वंशज आजही अनेक देशांतील प्रयोगशाळांत वाढत आहेत.

ह्या पेशींत विषाणू इतका बेसुमार का वाढतो? २०१० मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक-गटांनी ह्याचे उत्तर शोधून काढले. विषाणूची बाधा झालेल्या सी ६/३६ पेशींत २१ अक्षरी तुकड्यांची जी रास सापडावयास हवी होती, ती सापडली नाही. अडकित्ता चालतच नव्हता. पुढे असे दिसले की, ह्या पेशींतील डायसर-२ च्या जनुकात असा दोष आहे की त्यापुढचा मजकूर भलत्याच जागी तोडून वाचला जातो आणि वाक्य अर्ध्यावरच संपते. म्हणून प्रथिन अपुरे बनते. इगाराशी यांनी विषाणूला सर्वांत अनुकूल अशी पेशी शोधली, आणि त्यांच्या हाती लागली ती नेमकी शस्त्र हरवलेली पेशी. निवड अचूक होती. तिचे कारण मात्र ३२ वर्षांनी कळले.

ह्यातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. एक, रोगनिदानाच्या कामी ह्या पेशींचा उपयोग का होतो त्याचा उलगडा झाला, आणि तो उपयोग पुढेही चालू राहिला. दुसरी गोष्ट तितकीशी सुखाची नव्हती. डासाच्या पेशीत विषाणू कसा वागतो हे सांगण्यासाठी ज्या प्रयोगांत केवळ सी ६/३६ वापरल्या होत्या, त्यांचे निष्कर्ष पुन्हा तपासून घेणे भाग पडले. कारण ती डासाची पेशी असली तरी डासाप्रमाणे लढणारी नव्हती.

डासाला मारणारा विषाणू

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झुंज थांबली तर डासाचे काय होते?

ईजिप्तमधील सिंडबिस ह्या खेड्याच्या परिसरातील डासांत १९५२ मध्ये सापडलेला एक विषाणू प्रयोगशाळांत फार वापरला जातो. तो चिकुनगुन्याच्या कुळातला असून एडिस इजिप्तीच्या अंगात निमूटपणे राहतो. दुसरा एक विषाणू न्यूझीलंडमधील फ्लॉक हाउस येथील गवताच्या मुळ्या खाणाऱ्या अळीत सापडला. तो केवळ कीटकांचा विषाणू आहे, आणि त्याच्यापाशी ‘बी-२’ नावाचे एक प्रथिन आहे. हे प्रथिन दुपदरी आरएनएला गवसणी घालते, त्यामुळे अडकित्त्याला तो दोर सापडतच नाही. २००८ मध्ये संशोधकांनी ह्या बी-२ ची कृती सिंडबिसच्या आरएनएत जोडून दिली. पूर्वीचाच विषाणू, पूर्वीचेच डास. भर पडली ती एवढ्या एका प्रथिनाची. निमूट राहणारा तो विषाणू आता डासांना मारू लागला.

ह्या प्रयोगाचा अर्थ नीट पाहावयास हवा. विषाणू डासाला निरुपद्रवी आहे हे म्हणणे त्याने निकालात काढले. डास धडधाकट दिसतो तो लढतो म्हणून. पण त्याच प्रयोगाने विषाणूच्या बाजूचाही हिशेब दाखविला. जो विषाणू डासाची संरक्षक यंत्रणा पार मोडून टाकील, तो आपले वाहन मारून बसेल. आणि मेलेला डास कोणाला चावत नाही. फ्लॉक हाउसच्या विषाणूला तशी चिंता नाही, कारण त्याला मनुष्यापर्यंत किंवा पक्ष्यापर्यंत पोहोचण्यासाठी डासाच्या लाळेची वाट पाहावी लागत नाही. डासातून पसरणाऱ्या विषाणूला दहा-बारा दिवस धीर धरणे भाग आहे, आणि डास ते दिवस जगणेही भाग आहे. म्हणून डासाची प्रतिकारशक्ती एका परीने विषाणूचीच पाठराखीण ठरते.

डासाचे दफ्तर

पॅरिसमधील पाश्चर संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये ह्याहूनही नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. डेंग्यू आणि चिकुनगुन्या ह्यांचे विषाणू आरएनएचे. त्यांच्या जीवनक्रमात डीएनएला कोठेच स्थान नाही. तथापि बाधा झालेल्या एडिस डासांत ह्या विषाणूंच्या मजकुराचे डीएनएत उतरविलेले तुकडे आढळले. ही नक्कल डासाच्याच पेशी करतात. डासाच्या जनुकसंचात एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारणारी जी भटकी जनुके आहेत, त्यांच्यापाशी आरएनएवरून डीएनए लिहिण्याचे एंझाइम असते. त्या एंझाइमाच्या तावडीत विषाणूचा मजकूरही सापडतो. मग ह्या डीएनए-तुकड्यांवरून पुन्हा आरएनए निघतो आणि मासल्यांचा पुरवठा चालू राहतो. एड्सवरील एक औषध हेच लेखन बंद पाडते. ते औषध डासांना पाजून त्यांना चिकुनगुन्याच्या विषाणूची बाधा केली असता, एरवी सहज तगणारे डास मरू लागले. सहनशक्तीचे रहस्य काही अंशी ह्या दफ्तरात होते.

काही तुकडे कायमचेही नोंदले जातात. एडिसच्या जनुकसंचात प्राचीन विषाणूंच्या मजकुराचे अनेक अवशेष विखुरलेले असून ते मादीकडून अंड्यात आणि अंड्यातून पुढच्या पिढीत जातात. ते केवळ जुने कागद असावेत, अशी शंका येणे साहजिक होते. परंतु २०२० मध्ये असा एक अवशेष डासाच्या जनुकसंचातून कापून काढण्यात आला, तेव्हा त्याच्याशी जुळणारा विषाणू मादीच्या अंडाशयात अधिक वाढला. एका पिढीने भोगलेल्या बाधेची नोंद दुसऱ्या पिढीच्या कामी येते, हे प्रतिपिंडे असलेल्या मनुष्यालाही साधलेले नाही.

विषाणूची प्रतिचाल

डेंग्यूचा विषाणू बी-२ सारखे प्रखर हत्यार बाळगीत नाही, पण अगदीच निःशस्त्रही नाही. पेशीतील एक एंझाइम त्याचा आरएनए एका टोकाकडून कुरतडीत जाते आणि दुसऱ्या टोकाजवळच्या एका घट्ट गाठीपाशी येऊन अडते. गाठीपलीकडचा तुकडा तसाच शिल्लक राहतो. असे तुकडे पेशीत साठले म्हणजे अडकित्ता आणि मासला ह्या दोन्ही कामांत अडथळा येतो. लाळग्रंथीतील आणखी एका संरक्षक यंत्रणेलाही त्यामुळे खीळ बसते. हा अडथळा पुरेसा असतो, पण डास मरण्याइतका नसतो.

शिवाय मध्यांत्रात, जेथे विषाणूला पहिल्यांदा अडवावयास हवे तेथेच, एडिस इजिप्तीचा अडकित्ता डेंग्यूपुढे दुबळा पडतो. ह्याचे कारण २०१८ मध्ये कळले. ह्या कामात साहाय्य करणारे लोक्स-२ नावाचे एक प्रथिन, जे एडिस डासांतच आढळते, ते इतर अवयवांत बनते पण मध्यांत्राच्या पेशींत बनत नाही. संशोधकांनी जनुकात फेरफार करून ते मध्यांत्रातही बनेल अशी व्यवस्था केली, आणि डेंग्यूच्या विषाणूला तेथेच आळा बसला. वेशीवर पहारेकरी नव्हता, एवढेच काय ते उणे होते.

अडकित्त्याखेरीज डासापाशी दुसरी साधनेही आहेत. टोल आणि जॅक-स्टॅट ह्या नावांच्या, पेशीच्या बाहेरून आतपर्यंत वर्दी पोहोचविणाऱ्या संदेश-मालिका त्यांत प्रमुख होत. जंतू, बुरशी किंवा विषाणू ह्यांची चाहूल लागताच त्या अनेक संरक्षक जनुकांना जागे करतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये टोल मालिकेवरील लगाम सैल केला तेव्हा डासांतील डेंग्यूचा विषाणू कमी झाला. त्याच अभ्यासात डासाच्या आतड्यातील नेहमीचे जंतू औषधाने मारून टाकले असता विषाणू वाढला. आतड्यातील जंतूंच्या अस्तित्वामुळे टोल मालिका सौम्यपणे जागी राहते, आणि त्याचा लाभ विषाणूविरुद्धही मिळतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले.

तडजोड मोडण्याचे यत्न

डासाची बाजू थोडी बळकट करून विषाणूला लाळेपर्यंत येऊच द्यावयाचे नाही, असा विचार साहजिकच सुचतो. २००६ मध्ये अमेरिकेत एडिस इजिप्तीच्या जनुकसंचात डेंग्यूच्या दुसऱ्या प्रकारच्या मजकुराचा एक दुपदरी तुकडा घालण्यात आला. रक्त शोषताच तो तुकडा मध्यांत्रात आधीच बनू लागे; म्हणजे विषाणू येण्यापूर्वीच मासले तयार. ह्या डासांत तो विषाणू वाढेना. परंतु काही पिढ्यांनंतर तो गुण नाहीसा झाला. घातलेले जनुक जागेवर होते, ते बोलेनासे झाले होते. शिवाय डेंग्यूचे प्रकार चार आहेत, आणि एकाचा मासला दुसऱ्याला लागू पडत नाही.

यश आले ते वेगळ्याच वाटेने. पेशींच्या आत राहणारा वोल्बाकिया नावाचा एक जंतू आहे. हर्टिग आणि वोल्बाक यांनी तो १९२४ मध्ये क्युलेक्स डासाच्या अंगात प्रथम पाहिला. कीटकांच्या असंख्य जातींत तो सापडतो. एडिस इजिप्तीत मात्र निसर्गतः आढळत नाही. त्याची बाधा असलेल्या फळमाश्यांना विषाणूंपासून संरक्षण मिळते हे २००८ मध्ये दिसून आले, आणि पुढील वर्षी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी असा जंतू घातलेल्या एडिस इजिप्तीत डेंग्यू व चिकुनगुन्या ह्या दोघांचेही विषाणू नीट वाढत नाहीत असे दाखविले. येथे डासाची प्रतिकारशक्ती काही अंशी जागी होते, आणि विषाणूला ज्या स्निग्ध द्रव्यांची गरज असते तीही वोल्बाकिया वापरून टाकतो. पसरण्याची सोय त्याने स्वतःच करून ठेवली आहे: बाधित मादीच्या साऱ्या संततीत तो उतरतो, आणि बाधित नराचा अबाधित मादीशी संयोग झाला तर अंडी उबतच नाहीत. त्यामुळे पिढ्यांगणिक बाधित डासांचे प्रमाण वाढत जाते.

ऑस्ट्रेलियातील केर्न्स भागात २०११ मध्ये असे डास प्रथम सोडण्यात आले. इंडोनेशियात योग्याकार्ता शहराचे काही भाग चिठ्ठ्या टाकून निवडले, त्यांत हे डास सोडले, आणि उरलेल्या भागांशी तुलना केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात डेंग्यूचे रोगी ७७ टक्क्यांनी, आणि रुग्णालयात ठेवावे लागणारे रोगी ८६ टक्क्यांनी कमी आढळले.

भारतात हे काम पुदुच्चेरी येथील रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने हाती घेतले. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाकडून वोल्बाकियाचे दोन वाण असलेली एडिसची अंडी आणून, त्यांतून निघालेल्या माद्यांचा संकर स्थानिक नरांशी अनेक पिढ्या करण्यात आला. आपल्या हवेत आणि आपल्या कीटकनाशकांपुढे टिकाव धरतील असे डास व्हावेत हा त्यामागील हेतू. असे दोन वाण तयार झाल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. ह्या माद्यांनाही अंडी घालण्यासाठी रक्त लागतेच, आणि त्या इतर एडिस माद्यांप्रमाणेच दिवसाउजेडी चावतात. त्यांच्या दंशाची आग कमी नसते. लाळेत डेंग्यूचा विषाणू उतरण्याचा संभव तेवढा कमी असतो.